भिडू वाटून घेताना

श्रोतेहो, नमस्कार. लहानपणी मैदानावर भिडू वाटून घेताना शेवटी उरणारा पोरगा आठवतो? दोन्ही कप्तान त्याची नजर चुकवत, आणि मग लिंबूटिंबू म्हणून तो कुठल्यातरी बाजूला खपवला जाई. बरीच वर्षं तो पोरगा मीच होतो, म्हणून आजचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

विषय आहे बेसबॉल, आणि तेही इंग्लंडमधलं! १८८९ च्या मार्चमध्ये क्रीडासाहित्याचे अमेरिकन व्यापारी अल्बर्ट स्पाल्डिंग आपल्या खेळाडूंसह जगप्रदक्षिणा करत लंडनला पोचले. ओव्हलवरच्या सामन्याला खुद्द प्रिन्स ऑफ वेल्स हजर होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडात चार संघांची लीग उभी राहिली. ॲस्टन व्हिला, प्रेस्टन नॉर्थ एंड, स्टोक आणि डर्बी. नावं फुटबॉलची वाटली ना? बरोबर. उन्हाळ्यात फुटबॉल बंद असायचं, मैदानं ओस पडायची.

डर्बीच्या पाठीशी होते फ्रान्सिस ले, ओतकामाचे कारखानदार. अमेरिकेत हा खेळ बघून आले आणि कामगारांसाठी मैदानच करून दिलं. त्यांच्या संघात अमेरिकन खेळाडू होते. डर्बी जिंकत सुटली, बाकीचे कुरकुरू लागले, आणि हंगाम संपायच्या आतच डर्बीनं अंग काढून घेतलं. विजेतेपद व्हिलाला मिळालं. दुसरा हंगाम मात्र झालाच नाही.

मला वाटतं, भिडूच नीट वाटले गेले नव्हते. आयपीएलमध्ये लिलाव होतो, तिथे पैसा बोलतो. अमेरिकेतली पद्धत वेगळी, तिला ड्राफ्ट म्हणतात. बेसबॉलमध्ये ती १९६५ साली आली. मूळ कल्पना अशी, की मागे राहिलेल्या संघांना नवे खेळाडू निवडायचा मान आधी. पंगतीत शेवटी बसलेल्याला आधी वाढावं, तसं.

तर समजा, १८९० चा ड्राफ्ट आपण भरवला. टोपीत चार चिठ्ठ्या टाकल्या. (गेल्या आठवड्यात मी खरंच टाकल्या, घरचे हसले.) माझ्या वाट्याला स्टोक आलं. पहिला कोण घ्यायचा? लांब टोले मारणारा? छे! मी चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर घेईन. त्या काळी एकच पिचर बहुधा अख्खा सामना ओढायचा. शिवाय आजचं ६० फूट ६ इंचांचं अंतर १८९३ साली आलं, त्याआधी तो याहून जवळून फेकायचा. टप्पा पडलेला चेंडू खेळायची सवय असलेल्या इंग्लिश पोरांसमोर तो टप्पा न पडता थेट छातीवर आला, की निम्मा सामना खिशात. दुसरा घेईन पिचरचा मारा झेलणारा गडी. तो कच्चा असेल तर पहिला वाया.

बेसच्या, म्हणजे धाव घेताना गाठायच्या कोपऱ्यांवरच्या, खेळाडूंसाठी मात्र फुटबॉलवाल्यांकडेच बघेन. त्यांचे पाय चपळ असतात. डर्बी काउंटीचा नामांकित गोलंदाज, म्हणजे गोल मारणारा बरं का, स्टीव्ह ब्लूमर पुढे डर्बीकडून बेसबॉलही खेळला. लेंच्या त्या मैदानावर डर्बी काउंटीचं फुटबॉल १९९७ पर्यंत रंगलं, आणि नाव तेच राहिलं, बेसबॉल ग्राउंड.

यादीतली शेवटची जागा मी उजव्या कोपऱ्यातल्या क्षेत्ररक्षकासाठी ठेवली आहे. तिकडे चेंडू जरा कमी जातो. तिथे कोण उभा राहणार, ते मला ठाऊक आहे.