लक्ष्मी रस्त्यावरचे बारा कॅमेरे

(दृश्य: गच्चीवरून दिसणारा लक्ष्मी रस्ता. कमानी बांधण्याचं काम चालू आहे.)

अनंत चतुर्दशीला मानाचे गणपती बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागतात आणि अलका चौकाकडे सरकू लागतात. पुण्याची ही मिरवणूक चोवीस तास उलटले तरी संपत नाही. शहराचे कायमचे कॅमेरे आहेतच. पण कमानींमागचं आणि मांडवाच्या आडचं बघायला आणखी बारा कॅमेरे तात्पुरते लावायचे ठरले, असं धरून चालू. चौक चार: बेलबाग, कुंटे चौक, विजय टॉकीज आणि अलका. प्रत्येक चौकात तीन कॅमेरे.

दोन दिवसांच्या कामासाठी रस्ता खोदून केबल टाकू द्यायला कुणी तयार होणार नाही. सिमकार्डवर भिस्त ठेवावी, तर ऐन गर्दीत साधा फोटोही पुढे जात नाही, हे मिरवणुकीला गेलेल्या कुणालाही विचारा. मग उरतं वायरलेस मेश, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या बिनतारी खोक्यांचं जाळं.

(दृश्य: खांबावर चढवलेला पांढरा खोका, त्याला दोन अँटेना.)

या खोक्याला नोड म्हणतात. नोड आपल्या कॅमेऱ्यांचं चित्र शेजारच्या नोडकडे देतो, तो पुढच्याकडे, आणि असं करत ते फायबरच्या तारेपर्यंत पोचतं. वाट बंद पडली तर नोड स्वतःच दुसरी शोधतात. यासाठी ८०२.११एस हे मानक २०११ सालीच ठरलं. तरी कॅमेऱ्यांसाठी विकले जाणारे कितीतरी खोके आपापल्या कंपनीच्याच पद्धतीने चालतात आणि दुसऱ्या कंपनीच्या नोडशी जुळत नाहीत. म्हणून सुटे नोड पहिल्याच खरेदीत घेऊन ठेवावेत.

आता मुद्द्याचं. एकच रेडिओ असलेला नोड म्हणजे विहिरीपासून लागलेल्या रांगेतला माणूस. घागर घेत असताना त्याला देता येत नाही आणि देत असताना घेता येत नाही. म्हणून खोक्यावर किती वेग छापलाय याआधी विचारायचं, चित्राला तारेपर्यंत नोडवरून नोडवर किती उड्या माराव्या लागणार?

(दृश्य: नकाशा. चार चौक एका रेषेत. अलका चौकात निळा ठिपका.)

हिशोब करू. १०८०पी चित्र, एच.२६४ कोडेक (चित्र दाबून लहान करण्याची पद्धत): एका कॅमेऱ्याचे साधारण ४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट. चौकाचे १२, बाराही कॅमेऱ्यांचे मिळून ४८. खोक्यावर ३०० लिहिलेलं असतं, त्यातले निम्मे हाती आले तरी पुष्कळ. लक्ष्मी रस्त्याच्या गजबजाटात १०० धरू. शंभरात अठ्ठेचाळीस सहज मावतात, नाही का? विक्रेत्याचं सादरीकरण बहुधा इथेच संपतं.

फायबर फक्त अलका चौकात मिळाली असं समजा. अलकाचे १२ थेट तारेत जातात. विजय टॉकीजच्या १२ ला एक उडी. कुंटे चौकाच्या १२ ला दोन, म्हणजे २४. बेलबागच्या १२ ला तीन, म्हणजे ३६. सगळे नोड एकाच चॅनेलवर असतील तर प्रत्येक उडीला हवेतली जागा नव्याने लागते. बेरीज ७२. कागदावर अजूनही बसतंय.

(दृश्य: गुलाल, ढोल-ताशा, उंचावलेले हात. आवाज मोठा, मग एकदम बारीक.)

पण कॅमेरा सगळ्या वेळी सारखी माहिती पाठवत नाही. रिकामा रस्ता दाबून लहान होतो, कारण त्यात काही हलत नाही. गुलाल उधळला, एलईडीचे झोत फिरू लागले, हजारो हात वर गेले, की चित्रातला कानाकोपरा हलतो. मोकळं सोडलेलं एन्कोडिंग अशा वेळी ४ वरून सहज ८ वर जातं. ७२ चे होतात १४४. म्हणजे ज्या घटकेला चित्र हवं, नेमक्या त्याच घटकेला ते गोठतं. गणपतीच्या आधी एखाद्या मंगळवारी सकाळी घेतलेली चाचणी ही गोष्ट कधीच सांगणार नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या बिटरेटला, म्हणजे सेकंदाला जाणाऱ्या माहितीला, वरून टोपी घालायची, कमाल मर्यादा ठरवायची. चित्र थोडं खरखरीत झालं तरी चालेल. गर्दीवर नजर ठेवायला सेकंदाला १२ ते १५ फ्रेम भागतात.

याहून मोठा उपाय मात्र रेडिओत नाहीच. बेलबाग चौकातल्या एखाद्या इमारतीतून दुसरी फायबर मिळवा. मग बेलबागलाही उडी उरत नाही, कुंटे चौकाला एक, विजय टॉकीजला एक. ७२ चे झाले २४. महागडा खोका घेऊन एवढा फरक पडला नसता. आमचं मत स्पष्ट आहे: मेश जितकं कमी वापरता येईल तितकं वापरावं आणि तारेच्या जागा वाढवाव्यात.

दुसरी तार मिळाल्यावर आणखी एक गोष्ट साधते. आधीची मांडणी नावालाच मेश होती. विजय टॉकीजचा नोड गेला असता तर मागचे दोन्ही चौक अंधारात. आता कुंटे चौकाचं चित्र उलट्या दिशेने बेलबागला जाईल. आणि अलकाची तारच तुटली तर? विजय टॉकीजला दोन उड्या, अलकाला तीन, कुंटे चौकाला एक. बेरीज पुन्हा ७२. जाळं स्वतःला सांधतं हे खरं, पण सांधल्यावरचा भार पेलायला जागा शिल्लक असेल तरच. तेव्हा क्षमता २४ साठी नव्हे, ७२ साठी मोजायची.

(दृश्य: गच्चीवरून दुर्बिणीतून दिसणारा पुढचा खांब, मध्ये कमान.)

लहरींचा पट्टा कोणता? २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यात खाली रस्त्यावरचे सगळे फोन. तो सोडा. ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ भारतात ऑक्टोबर २०१८मध्ये परवानामुक्त झाले. त्यातल्या मधल्या भागात काही उपकरणं रडारची चाहूल लागताच चॅनेल सोडतात आणि नव्या चॅनेलवर बोलण्याआधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसतात. मिरवणुकीत मिनिटभर चित्र नाही, हे परवडणारं नाही. म्हणून ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ आधी बघावेत. उपकरणाला डब्ल्यूपीसीची (दूरसंचार खात्याच्या बिनतारी शाखेची) ईटीए, म्हणजे उपकरण-प्रकाराची मान्यता आहे ना, तेही तपासावं.

समोरचा खांब दिसतोय म्हणजे झालं, असंही नाही. लहरींना नजरेच्या रेषेभोवतीही मोकळी जागा लागते. दोन खांबांमधल्या ४०० मीटरच्या दुव्याला मध्यावर सुमारे २.३ मीटर त्रिज्येचा पट्टा लागतो आणि त्यातला निदान साठ टक्के मोकळा हवा. पाहणीच्या दिवशी मोकळा असलेला हा पट्टा आठवड्याने एखाद्या मंडळाची कमान अडवते. मंडळांकडून कमानींची उंची आधीच विचारून घ्यावी.

वीज. तीन कॅमेरे आणि रेडिओ मिळून ४० वॅट धरले तर तीस तासांचे १२०० वॅट-तास. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर नेमके तेवढेच. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी तळापर्यंत रिकामी करत नाहीत, म्हणून प्रत्येक चौकात दोन. मांडवाच्या विजेवर विसंबू नये.

कॅमेऱ्यात मेमरी कार्ड हवंच. दुवा तुटला तरी रेकॉर्डिंग थांबत नाही. पासवर्ड कारखान्यातलाच ठेवू नये, हे २०२६मध्येही सांगावं लागतं.

(दृश्य: रात्र. लॅपटॉपवर बारा चौकटी.)

पैसे देण्याआधीची चाचणी अशी घ्या. बाराही कॅमेरे टोपीपर्यंतच्या पूर्ण बिटरेटवर, सलग चोवीस तास. मध्येच अलकाची तार उपटा आणि किती सेकंदांनी चित्र परत आलं ते लिहून घ्या. तार जोडा, विजय टॉकीजचा नोड बंद करा, पुन्हा लिहा. विक्रेता दिवसाची सरासरी पुढे करेल. त्याच्याकडून सगळ्यात वाईट तासाचा आलेख मागा आणि तोच करारनाम्याला जोडा.