पिवळ्या अंगठ्याची पुस्तकं

[दृश्य: आयर्विन पूल, सकाळ. खांबावरचे फुटांचे आकडे, खाली चहाच्या रंगाचं पाणी. कठड्याला टेकून उभी असलेली माणसं.]

सांगलीत पावसाळ्यात कुणी पण भेटलं की पहिलं विचारतं, "किती झालं?" काय किती ते सांगायला लागत नाही. पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटावर आलंय ते विचारलेलं असतं, आणि भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना आकडा तोंडपाठ असतो. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. आणि २०१९ ला ते ५७ च्या वर गेलेलं, हे पण प्रत्येकाला आपल्या वाढदिवसासारखं लक्षात आहे.

मी त्या दिवसांत भुताची पुस्तकं वाचते. भुताची, खुनाची, नाहीतर परग्रहावरची. म्हणजे वर्षभर वाचतेच, पण जुलै-ऑगस्टमध्ये जास्त, कारण रात्री झोप लागत नाही आणि मोबाईल हातात घेतला की कोयनेतून किती क्युसेक सोडलं हेच बघत बसते. त्यापेक्षा खून बरा.

[दृश्य: मार्केट यार्ड. हळदीच्या पोत्यांची थप्पी. कागदावर पिवळा ठसा.]

मी यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघते. टॅलीवरच असतं आता सगळं, पण सौद्याच्या वेळी हळकुंड हातात घेऊन मोडून बघायची सवय काय जात नाही, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा. त्यामुळे माझा उजवा अंगठा बाराही महिने पिवळा. वाचनालयातले काका म्हणतात, तुम्ही कुठलं पुस्तक नेलं होतं ते बघायला मला रजिस्टर लागत नाही, पानाचा खालचा कोपरा बघितला की कळतं. मी म्हटलं काका हळद अँटिसेप्टिक असते, पुस्तकाला कसर लागणार नाही. हसले नाहीत ते.

तर यावर्षी जूनच्या शेवटी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मिरजेला. ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं, त्याआधी मेडिक्लेमच्या कागदासाठी तीन खिडक्या फिरले ते पाच तासांचं, ते असू दे. घरी आल्यावर खरी गंमत सुरू झाली. दिवसातून चार वेळा ड्रॉप, डोळ्यात पाणी जाता कामा नये, डोक्यावरून अंघोळ नाही, खाली वाकायचं नाही, आणि आई म्हणजे अशी बाई की जिला शेजारच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते पण माहीत असतं, ती काळा गॉगल लावून कॉटवर बसून आहे. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "तू रात्री जे वाचतीस ते मोठ्यानं वाच की."

म्हटलं अगं भुताचं आहे.

"मग काय झालं. मी काय लहान हाय काय?"

[दृश्य: कॉटवर बसलेली आई पाठमोरी. खिडकीतून पावसाचा आवाज.]

सुरुवात नारायण धारपांपासून केली. धारप १९२५ चे, २००८ साली गेले, आणि त्यांच्या कथांवरून सुचलेला तुंबाड पिक्चर आल्यावर नव्या पोरांना एकदम त्यांचं नाव कळलं. मला धारपांचं काय आवडतं तर ते घाई करत नाहीत. आधी तुम्हाला घर दाखवतात. ओसरी, माजघर, जिना, जिन्याखालची ती अंधारी खोली, आणि चाळीस पानं झाली तरी तिथं काहीच घडत नाही, आणि मग तुम्हीच स्वतःच्या घरातल्या जिन्याखाली बघायला लागता. त्यांचा समर्थ आला की मात्र माझी थोडी निराशा होते, खरं सांगते. समर्थ म्हणजे अमानवी शक्तींशी लढणारा माणूस, तो आला की आता सगळं नीट होणार हे कळतं, आणि मला तर अजून थोडं घाबरायचं असतं.

आई काही घाबरली नाही. तळघरात उतरण्याचा प्रसंग होता, मी आवाज बिवाज बारीक करून वाचत होते, आणि ही मधेच म्हणते, "कंदील आधी सोडला न्हाई होय त्यानं?"

म्हटलं कसला कंदील?

मग पुस्तक राहिलं बाजूला. आईचं माहेर हरिपूर, जिथं वारणा कृष्णेला मिळते तिथलं, आणि आईचे वडील पेवावर कामाला होते. आपण म्हणतो ना, गल्लोगल्ली क्लासेसचं पेव फुटलंय, ते पेव. हरिपुरात ती शेकड्यानं होती, जमिनीत खणलेली, तोंडाला अरुंद आणि आत पोट सुटलेली, रांजण पुरल्यासारखी, वीस-पंचवीस फूट खोल. तिथली माती अशी की आत ओल येत नाही. शेणानं सारवायचं, उसाचा पाला अंथरायचा, हळद भरायची आणि तोंड बंद करून वर माती. वर्षानुवर्षं हळद राहायची, कीड नाही, रंग तसाच. आमच्या धंद्यातली जुनी माणसं अजून सांगतात की पेवातल्या हळदीची सर गोडाऊनला नाही.

पण पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आत हवा मेलेली असते. तोंड काढून तास न तास उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर कंदील वर ओढायचा आणि थांबायचं.

आई सात-आठ वर्षांची असताना वडिलांचा डबा घेऊन गेली होती. पेवाच्या काठावर पालथी पडून आत बघत होती. कंदील खाली खाली गेला, आतली हळद दिसली, पिवळीधमक, आणि मग ज्योत बारीक झाली, निळी झाली, आणि गेली. वारा नाही काही नाही. "कुणीतरी चिमटीत धरल्यागत इझला बघ," आई म्हणाली. आजोबांनी कंदील वर ओढला, काडी लावली, पुन्हा सोडला. पुन्हा विझला, त्याच जागेवर. तिथून वर नीट जळतोय, तिथून खाली गेला की विझतोय. जणू तिथं एक न दिसणारं पाणी भरलंय.

मी अंगावर काटा घेऊन बसले होते आणि आई म्हणते, "हां, वाच पुढं."

[दृश्य: हरिपूरचा रस्ता, जुनी झाडं, नदीचा संगम. निवेदन थोडा वेळ थांबतं.]

२००५ च्या पुराचं पाणी पेवांत शिरलं आणि बहुतेक पेवं गेलीच. आता गोडाऊन आणि कोल्ड स्टोरेज. पण मला राहून राहून वाटतं की यावर कुणीतरी भयकथा लिहायला पाहिजे, आणि ती सांगलीच्या माणसानं लिहायला पाहिजे, कारण बाहेरचा लिहील तर कंदील विझल्यावर लगेच भूत आणेल. भूत कशाला पाहिजे? ती विझायची जागा पुरे आहे.

नंतर मतकरी झाले. रत्नाकर मतकरी बरीच वर्षं बँकेत नोकरीला होते हे मला फार आवडतं, दिवसभर खाती जुळवायची आणि रात्री माणसांच्या मनातली न जुळणारी बाजू लिहायची. आईला मतकरी जड गेले. "ह्यात भूत कुटं हाय?" म्हणाली. म्हटलं आई, त्या बाईच्या मनात आहे. "मग डॉक्टरला दाखवा की तिला." झालं, गूढकथा संपली.

सुहास शिरवळकरांचं एक भाच्याला दिलं, तो बारावीला आहे, त्याला त्यातला नायक दारा बुलंद आवडला आणि त्याची आई माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पुढं.

जुलैच्या शेवटी पाणी चढायला लागलं. एकेक फूट. आमचं घर गावभागात, तळमजला, २०१९ ला माळ्यापर्यंत पाणी होतं. त्यामुळे आमच्या घरात पुस्तकांचं कपाट हा प्रकारच नाही राहिला, वर पत्र्याच्या खोलीत प्लास्टिकच्या क्रेट आहेत, द्राक्षाच्या, तासगावच्या एका शेतकऱ्याकडून आणलेल्या. पंचवीस फुटाला गाद्या वर, तीसला फ्रिज टेबलावर, पस्तीसला आईला घेऊन विश्रामबागला बहिणीकडे, असं आमचं ठरलेलं आहे. तिसाव्या फुटाला आई म्हणाली मला नदीवर ने. मी म्हटलं डोळ्याचं काय? गॉगल लावून रिक्षातून गेलो, घाटाच्या अलीकडंच थांबलो, तिनं कृष्णामाईची ओटी भरली. खण, नारळ, हळदकुंकू. हळद अर्थात आमच्या दुकानातली.

आणि दोन दिवसांनी पाणी उतरायला लागलं.

[दृश्य: पुलाच्या खांबावर ओला पट्टा, पाणी त्याच्या खाली.]

आता योगायोग बघा, त्या दोन दिवसांत मी काय वाचत होते, तर जयंत नारळीकर. कोल्हापूरचा जन्म, १९३८. मतकरी पण १९३८ चेच. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले तेव्हापासून मी त्यांच्या कथा पुन्हा काढल्यात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी स्वतःचं नाव न टाकता कथा पाठवली, नारायण विनायक जगताप म्हणून, म्हणजे आपलीच आद्याक्षरं उलटी करून. कृष्णविवर ती कथा, आणि तिला पहिला नंबर मिळाला. एवढा मोठा शास्त्रज्ञ, आणि नाव न बघता मार्क मिळतात का हे बघावंसं वाटलं, यातच मला तो माणूस कळतो.

त्यांची पात्रं कधीकधी फळ्यासमोर उभं राहून बोलल्यासारखी बोलतात, ते आहेच. पण त्यांची धूमकेतू नावाची कथा घ्या. एक हौशी माणूस दुर्बिणीतून नवीन धूमकेतू शोधतो, त्याचं नाव होतं, सत्कार होतात, आणि मग कळतं की हा पृथ्वीवर आदळणार आहे. मोठमोठे शास्त्रज्ञ गुपचूप जमतात, अण्वस्त्र घेतलेलं यान पाठवून त्याची वाट बदलायची योजना करतात. आणि इकडं त्या माणसाच्या घरी शांतीसाठी यज्ञ चाललेला. धूमकेतू टळतो. घरचे म्हणतात, बघा, यज्ञ केला म्हणून.

मी आईला हे वाचून दाखवलं. मुद्दाम. थोडं खवचटपणानंच म्हणा ना.

म्हटलं, आई, कोयनेचा विसर्ग कमी केला म्हणून पाणी उतरलं, कळलं का.

आई म्हणाली, "होय की. आणि कमी करायची बुद्धी कुणी दिली?"

यावर नारळीकरांकडं काय उत्तर असतं मला माहीत नाही, माझ्याकडं नव्हतं. मी चहा टाकला.

[दृश्य: पत्र्याची खोली. क्रेटमधून बाहेर काढलेलं एक फुगलेलं, वाकडं पुस्तक. पानांच्या कडेला करडी रेष.]

हे एक दाखवायचं राहिलं. २०१९ नंतर घर साफ करताना जे हाताला लागलं ते बहुतेक टाकूनच दिलं, लगदा झाला होता. नगर वाचनालयाचं तर आमच्यापेक्षा किती वाईट झालं, तिथं जवळजवळ दीडशे वर्षांचा संग्रह पाण्यात होता. आमच्याकडचं हे एक राहिलं. जुनी रहस्यकथा, पातळ, कव्हर गेलंय, पहिली पानं पण गेलीत, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. बाबूराव अर्नाळकरांचं असेल असं मला पहिल्यांदा वाटलं, पण त्यात त्यांचे ठरलेले नायक, झुंजार पण नाही आणि काळापहाड पण नाही, आणि अर्नाळकरांनी हजाराच्या वर लिहिली, शोधणार कशी. गोष्ट मात्र चांगली आहे. एका वाड्यात मुनीम मेलाय, तिजोरी बंद, किल्ली त्याच्याच कनवटीला. संशयित पाच. आणि शेवटचा फॉर्मा, सोळा पानं, गाळानं चिकटून वीट झालेला. म्हणजे २०१९ पासून मला माहीत नाही की मुनीमाला कुणी मारलं.

धारप झाले, मतकरी झाले, नारळीकर झाले, आईच्या ड्रॉपचा शेवटचा आठवडा होता, म्हणून मी सहज हे वाचायला घेतलं. दहाव्या पानाला आई म्हणाली, "हे मी वाचलंय."

म्हटलं काय?

लग्नाच्या आधी वाचलेलं म्हणे. पुस्तकाला ब्राउन पेपर घालून, वर नागरिकशास्त्र लिहून, पेवावरून आजोबा यायच्या आत. हे पुस्तक तिनंच माहेरून आणलेलं, इतकी वर्षं आमच्या घरात होतं.

"अगं मग सांगितलं का नाहीस शेवट? मी इतकी वर्षं..."

"तू इचारलंस कधी?"

मग तिनं सांगितलं. धाकट्या भावानं मारलं. मी खूश. रात्री जेवताना म्हणाली, न्हाई गं, धाकटा न्हवता, तो डॉक्टर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रॉप घालताना डोळा वर करून म्हणते, मुनीम मेलेलाच नसतोय.

[दृश्य: गॅसवर पातेलं, वाफ. हातात बोथट सुरी, ती वीट झालेली पानं.]

शेवटी परवा रविवारी भाताच्या वाफेवर ती पानं धरली. आई गॉगल लावून लांब खुर्चीवर बसून सूचना देत होती, सावकाश, फाडशील, कडेनं घाल सुरी. अर्धा तास गेला. गाळ सुटून खाली पडत होता, अगदी बारीक, पिठासारखा, नदीचा वास येत होता स्वयंपाकघरात. मधली पानं काही सुटली नाहीत. सुटलं ते सगळ्यात शेवटचं. अक्षरं पुसट होती, आईनं खुर्ची पुढं घेतली, गॉगल काढला आणि नव्या डोळ्यानं एकेक शब्द जुळवत वाचलं. पुढच्या महिन्यात येणाऱ्या पुस्तकांची जाहिरात होती. पाच नावं आणि किमती, प्रत्येकी बारा आणे.

"ह्यातलं दुसरं आण वाचनालयातनं," आई म्हणाली. "ते मी वाचलं न्हाई."