रेडिओ बंद, जाहिराती सुरू

(दृश्य : दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला 'क्यूएसटी' या हौशी रेडिओवाल्यांच्या अमेरिकन मासिकाचा अंक. पान उलटतं. लष्करी ट्रकचं चित्र.)

ट्रक शेवरलेचा आहे, पण जाहिरात ट्रकची नाही. मागच्या बंदिस्त भागात बसवलेला ट्रान्समीटर शिकागोच्या हॅलिक्राफ्टर्स कंपनीचा. युद्धाआधी तो 'एचटी-४' या नावानं हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींसाठी निघाला होता. लष्करानं त्यात फेरफार करून घेतले आणि नाव दिलं 'बीसी-६१०'. शेवटच्या टप्प्यात एकच '२५०टीएच' व्हॉल्व्ह, म्हणजे काचेची इलेक्ट्रॉन नळी. मोर्सवर साधारण ४०० वॅट, बोलण्यावर ३००. ट्रक, रिसीव्हर आणि जनरेटरचा ट्रेलर धरून सगळ्या संचाला म्हणत 'एससीआर-२९९'.

वाचकाला यातलं काहीच विकत मिळणार नव्हतं. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिकेतल्या हॅम केंद्रांना प्रसारण थांबवायला सांगितलं गेलं. एप्रिल १९४२ मध्ये घरगुती रेडिओंचं उत्पादनही थांबलं. तरी जाहिराती येतच राहिल्या. जादा नफ्यावर ९५ टक्क्यांपर्यंत कर होता आणि जाहिरातीचा वाजवी खर्च उत्पन्नातून वजा करता येत होता, हे एक कारण. दुसरं, आज गणवेशात असलेला हाच वाचक उद्याचा गिऱ्हाईक होता.

(दृश्य : व्हॉल्व्हचं पानभर छायाचित्र. कोपऱ्यात 'ई' अक्षराचा ध्वज.)

कॅलिफोर्नियाच्या आयमॅक या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर व्हॉल्व्ह दिसतो. तो कुठल्या यंत्रात बसतो ते नाही. रडार गुपित होतं. कोपऱ्यातला ध्वज म्हणजे चांगल्या उत्पादनाबद्दल सेना आणि नौदलानं कारखान्याला दिलेला मान.

(दृश्य : क्रिस्टलची जाहिरात. शेजारी उघडलेली 'एफटी-२४३' डबी.)

या पानावर मात्र थांबायला हवं. क्रिस्टल म्हणजे ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी पक्की ठरवणारा क्वार्ट्झचा तुकडा. काळ्या बॅकेलाइटची डबी, खाली दोन पिना, झाकणाला तीन स्क्रू. आत स्प्रिंग, धातूच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये क्वार्ट्झचा चौकोनी काप, बाजू साधारण अर्धा इंच. पट्ट्यांचे फक्त कोपरे उंच ठेवलेले असतात. काप तेवढ्याच चार जागी दाबला जातो, मधे हवेची फट राहते, म्हणून तो मोकळा थरथरू शकतो.

फ्रिक्वेन्सी ठरते जाडीवर. 'एटी' पद्धतीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या अक्षांशी ठरावीक कोनात कापलेल्या, कापासाठी १.६६ला मेगाहर्ट्झनं भागा, जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. ७ मेगाहर्ट्झला ०.२४ मिलिमीटर. इथे एक मायक्रॉन जास्त घासला गेला, तर फ्रिक्वेन्सी जवळजवळ ३० किलोहर्ट्झ वर जाते. आणि रणगाड्यातल्या एका 'बीसी-६०४' ट्रान्समीटरच्या पेटीत तर ८० क्रिस्टल लागत, फक्त ते वेगळ्या, 'एफटी-२४१' डबीतले! कच्चा क्वार्ट्झ ब्राझीलहून यायचा. क्ष-किरणांनी त्याचे अक्ष शोधायचे, मग करवत, मग घासणं.

घासण्यातच अडचण दडलेली होती. पूड लावून घासलेल्या पृष्ठभागावर सूक्ष्म तडे राहतात. दमट हवेत त्यातले कण सुटतात, फ्रिक्वेन्सी सरकते आणि काप पट्ट्यांमध्ये थरथरेनासा होतो. वापरात येण्याआधीच कितीतरी क्रिस्टल निकामी झाले. उपाय असा निघाला : घासणं थोडं आधी थांबवायचं आणि शेवटचा थर फ्लोराइडयुक्त आम्लानं खाऊ द्यायचा, तड्यांसकट तो थर जातो. पेनसिल्व्हेनियातल्या एरी शहरच्या ब्लाइली या क्रिस्टल कंपनीच्या जाहिरातीत 'आम्लानं कोरलेले' असे शब्द आहेत, ते याचसाठी. इतकी नेमकी गोष्ट लेखात नव्हे, जाहिरातीत सापडते.

(दृश्य : कापडी बांधणीचे खंड. मधली पानं काढलेली.)

वर्षाचे अंक बांधताना अनेक ग्रंथालयांनी जाहिरातींची पानं काढून टाकली. आज कोणी अंक स्कॅन करत असेल, तर मुखपृष्ठापासून मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूपर्यंत सगळं घ्या. पानावर क्रमांक नसला तरी घ्या.

(दृश्य : युद्धानंतरचा अंक. लष्करी मालाच्या विक्रीची दाट छपाई. मग हात, काच, पेन्सिल.)

नोव्हेंबर १९४५ मध्ये हॅम केंद्रांना काही बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे ठरलेले पट्टे, परत मिळाले, आणि युद्धातला माल स्वस्तात बाजारात आला. त्यात या डब्याही होत्या. आतला काप आपल्या फ्रिक्वेन्सीवर आणायला हॅम तो घरीच घासत. सपाट काचेवर कार्बोरंडमची, म्हणजे घासायची कडक, पूड पाण्यात कालवायची, काप इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, थोड्या थोड्या वेळानं साबणानं धुऊन मोजायचं. बोटाचा तेलकट डाग राहिला तरी काप थरथरायला लागत नाही. काप नीट सपाट राहिला नाही, तरीही अडचण येऊ शकते. फ्रिक्वेन्सी हवी त्याच्या जराशी वर गेली, तर कापाच्या मधोमध पेन्सिलचं शिसं हलकेच घासायचं. वजन वाढतं आणि ती थोडी खाली येते.