गुब्बिओ: शर्यत आहे, पण नंबर आधीच ठरलेत

(पडदा काळा. लांबून ढोल ऐकू येतायत.)

15 मेची पहाट. इटलीच्या मधोमध उंब्रिया म्हणून प्रांत आहे, त्यातलं हे गुब्बिओ. अजून नीट उजाडलं पण नाहीये आणि ढोलवाले गल्लीबोळातून आजच्या मानकऱ्यांना उठवत फिरतायत. मानकरी झोपले असतील असं मला तरी वाटत नाही, आम्हीच रात्रभर जागे होतो, खिडकीखाली गाणी चालली होती.

आज इथे शर्यत आहे, टोकावर संताची मूर्ती बसवलेले तीन उंच लाकडी खांब खांद्यावर घेऊन पळायची. आणि निकाल आम्हाला कालच कळलाय. पहिला संत उबाल्दो, दुसरा संत जोर्जो, तिसरा संत अंतोनियो. गेल्या वर्षी हेच, पुढच्या वर्षीही हेच. ओव्हरटेक करायचं नाही म्हणजे नाही. मग पळायचं कशाला? हा प्रश्न मी काल एका कॉफीवाल्याला विचारला तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जसं आपल्याकडे एखाद्याने विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर उभं राहून विचारावं, कसबा गणपतीला मागे टाकून कुणी पुढे का जात नाही हो?

(डोंगर, पायथ्याशी गाव.)

गावाला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. फोस्सातो दि विकोला उतरून पुढे वीसेक किलोमीटर बस. बस वळण घेते आणि समोर एकदम मोन्ते इंजिनो डोंगर, आणि त्याला पाठ टेकून बसलेलं राखाडी दगडाचं गाव. तो उंच मनोरा दिसतोय ना, तो पालाझ्झो देइ कोन्सोली, 14व्या शतकातला, म्हणजे तेव्हाची नगरपालिकाच म्हणा. त्याच्यासमोरचा चौक अर्धा हवेत आहे, खालून भल्यामोठ्या कमानी उभारून सपाट जागा तयार केलीये, कारण या गावात सपाट असं काही नाहीच, दोन दिवसांत माझ्या पोटऱ्या बोलायला लागल्यात.

काल दुपारी या पालाझ्झोत गेलो ते सात पत्रे बघायला. पितळी परातीसारखे दिसतात लांबून, पण ब्राँझ आहे, आणि बहुतेकांवर दोन्ही बाजूंनी अक्षरं कोरलेली, काहींवर लॅटिन लिपी तर काहींवर जुनी उंब्रियन, ती उजवीकडून डावीकडे वाचायची. 1444 मध्ये सापडले, 1456 मध्ये गावाने विकत घेतले. उंब्रियन भाषा आता मेलेली आहे, आणि ती कशी होती हे आज जे काही माहीत आहे ते जवळजवळ सगळं या सात पत्र्यांवरून. दोन हजार वर्षांहून जुना मजकूर आणि आहे काय तर पूजाविधी! कुठल्या वेशीसमोर कुठल्या देवाला काय वाहायचं, कोणत्या बाजूने पक्षी गेला तर शुभ, अख्खी पोथीच. पुजारी पक्ष्यांचा शकुन बघत असताना कुणी कुजबुज करायची नाही, मध्ये येऊन बसायचं नाही. आणि विधीत कुठे खंड पडला तर? सगळं रद्द, परत पहिल्या वेशीपाशी जाऊन पहिल्यापासून सुरू. आमच्या आजीच्या सत्यनारायणाला पण इतकी कडक शिस्त नव्हती.

आता मजा बघा. तीन बैल वाहा असं जिथे लिहिलंय तिथे 'तीन'ला शब्द आहे 'त्रे'. वासराला 'वित्लु', आपलं वत्स. नावाला 'नोमे'. काचेच्या पलीकडे आपल्याच भाषेचे कुणीतरी चुलत-चुलत-चुलत पणजोबा बसलेत असं वाटलं. फार वेळ उभा राहिलो तिथे, सिक्युरिटीवाल्या बाई दोनदा येऊन बघून गेल्या. अजून एक, त्याच पत्र्यांवर विधीच्या आधी चार परक्या लोकांची नावं घेऊन त्यांनी शहराबाहेर व्हावं असा हुकूम आहे. यादीत आपण नाही. थांबलो.

(चौक. दुपारचे बारा वाजायला आलेत. गर्दी.)

हे बघा, या उंच लाकडी खांबांना म्हणतात चेरी. एक असेल तर चेरो. शब्दाचा अर्थ मेणबत्ती, पूर्वी खरोखरच मेणाच्या असायच्या, मग लाकडाच्या झाल्या. जवळून बघितलं तर अष्टकोनी डमरू उभं करून ठेवावं तसा आकार, पाचेक मीटर उंच, पायाची चौकट धरून वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास, आणि अगदी टोकावर संताची छोटीशी मूर्ती. पिवळे शर्ट उबाल्दोचे, हा गवंड्यांचा संत. निळे जोर्जोचे, व्यापारी-कारागिरांचा. काळे अंतोनियोचे, शेतकऱ्यांचा. कमरेला लाल पट्टा मात्र सगळ्यांना.

उबाल्दो हा इथला बिशप होता, 16 मे 1160 ला वारला, म्हणून आदल्या दिवशी हा उत्सव. जर्मन सम्राट बार्बारोसा सैन्य घेऊन आला होता तेव्हा यानेच गाव वाचवलं असं मानतात. त्याचा देह वर डोंगरावरच्या बासिलिकात, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, काचेच्या पेटीत ठेवलाय.

आता तो आडव्या चेरोच्या चौकटीवर चढलेला माणूस बघा, हातात रंगवलेली मातीची घागर. सांध्यावर पाणी ओततोय, ओतलं, घागर गर्दीत भिरकावली आणि त्याच क्षणाला खांब उभा! अक्षरशः एका झटक्यात. कॅमेरा इथे हलला त्याबद्दल सॉरी, मागून धक्का बसला, कारण सगळे घागरीच्या तुकड्यांवर तुटून पडले. खापर मिळालं की वर्ष चांगलं जातं म्हणे. माझ्या शेजारच्या आजींना मिळालं, बोटभर लांबीचं, त्यावर निळ्या रंगाची अर्धी रेघ, त्यांनी ते रुमालात गुंडाळून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि मग कुणाचं लक्ष तर नाही ना असं इकडे तिकडे बघितलं. माझं होतं.

मधल्या वेळात बाकीचं गाव उरकलं. कारंजं आहे एक, वेड्यांचं कारंजं म्हणतात, त्याला तीन फेऱ्या मारून अंगावर पाणी उडवून घेतलं की वेडेपणाचं सर्टिफिकेट मिळतं, आमच्या कॅमेरामनने घेतलं, मला ते जरा टुरिस्टांसाठीच वाटलं. ड्यूकच्या महालात लाकडी जडावकामाची अभ्यासिका आहे, छान आहे पण नक्कल, अस्सल न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गेलीये. पोटपूजा क्रेशावर, म्हणजे जाड गोल तव्यावर भाजलेली पोळी, आपल्या थालीपिठाएवढी जाड, आत चीज आणि भाजी, वरचा करपलेला पापुद्रा आधी खायचा आणि मग बाकीचं, हे मी शेजारच्याचं बघून शिकलो.

(संध्याकाळचे सहा.)

"वीआ केक्कोली!" म्हणजे सरका, आले आले! कुणीतरी माझी कॉलर धरून मला भिंतीला चिकटवलं, आणि मग आवाज. आधी पावलांचा, मग लाकूड कुरकुरल्याचा, आणि मग चेरो समोरून गेलाच, पूर्ण पळत, उतारावर, माझ्या नाकापासून दोन हातांवरून. घामाचा वास आला आणि एका खांदेकऱ्याचे डोळे दिसले, ते कुणाकडेच बघत नव्हते. खांदा बदलतात ते पळता पळताच, एक बाहेर पडतो दुसरा आत घुसतो, थांबायचं नाही. खेळ सगळा इथे आहे. चेरो कलला का, किती कलला, पडला का, पुढच्यात आणि आपल्यात अंतर किती पडलं. नंबर ठरलेले असले तरी अब्रू ठरलेली नाही!

चौकात येऊन तीन गिरक्या, मग डोंगर, सरळ वर बासिलिकापर्यंत. इथे उबाल्दोवाले आत शिरले की दरवाजा लावून घ्यायला बघतात, मागच्यांना बाहेर ठेवायचं असतं. आम्ही काही वर पोचलो नाही, धाप लागून अर्ध्या वाटेत बसलो. दुसऱ्या दिवशी रोपवेने गेलो, उघडा पिंजरा असतो, दोन माणसं उभी राहतील एवढा, तो थांबतच नाही, जमिनीवरच्या खुणेवर उभं राहायचं आणि आला की माणूस आपल्याला आत ढकलतो. वर तिन्ही चेरी एका भिंतीपाशी उभे होते, शांत. आता वर्षभर इथेच. मूर्ती मात्र रात्रीच मेणबत्त्यांच्या उजेडात गाणी म्हणत गावात परत आणल्या.

खाली कॉफीवाल्याकडे गेलो तर तिथे वाद पेटलेला. एक जण तळहात उभा धरून दाखवत होता, चेरो एवढाच कलला होता. समोरच्याने त्याचा हात धरून अजून चार बोटं खाली केला.