काकीचा चौरंग आणि असली केसांचा ब्रश

मंडळी, चहा येईपर्यंत सुरू करतो. पत्रिकेवर विषय छापलाय 'वॉटर-बेस्ड पॉलिशचे ब्रश', म्हणजे पाण्यात कालवलेलं लाकडाचं पॉलिश लावायचे ब्रश. मागच्या रांगेतले दोघे उठायच्या बेतात दिसतात. बसा हो, आधी चौरंगाची गोष्ट आहे.

आमच्या फोंड्याच्या घरी गणपती बसतो तो चौरंग आजोबांच्या वेळचा, फणसाच्या लाकडाचा. फणस नवा असताना हळदीसारखा पिवळा, मग वर्षागणिक तांबूस होत जातो. आमच्याकडचे मेस्त, म्हणजे सुतार, त्याला स्पिरिटात विरघळवलेली लाख कापडाच्या बोळ्याने लावायचे. म्हणजे ब्रशाचं ज्ञान घराण्यात शून्य! मला मात्र वॉटर-बेस्ड हवं होतं. वास कमी, आणि वर ऑइल वार्निशचा पिवळेपणा चढत नाही.

चतुर्थी चार दिवसांवर, बाहेर धो धो पाऊस. दुकानदार म्हणाला, "पात्रांव, हा घ्या, एकदम असली केसांचा." असली म्हटल्यावर आपण विरघळतोच. तूप असो की ब्रश.

पहिला हात अर्धा झाला नाही तोच ब्रशाने पाय पसरले. न्हाऊ घातलेल्या मांजरासारखी त्याची कळा! केस गळून चौरंगावर चिकटू लागले. मी चिमट्याने वेचतोय, तोवर थर आळून रेघा उठतायत. काकी आली. "कसले रे हे केस?" मला ज्ञान पाजळायची खोड. म्हटलं, "डुकराचे."

मग जे झालं ते तुम्हीच ताडा. भटजींना फोन. ते आले, त्यांनी चौरंगाला बोट लावलं, बोट चिकटलं. म्हणाले, "शुद्धीचं नंतर बघू, आधी वाळू दे." पण काकीला धीर कुठला? तिने वरून गंगाजल शिंपडलं. न वाळलेल्या थरावर त्या थेंबांचे पांढरे डाग अजून आहेत.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. पाच मिनिटं? बरं, मुद्द्याचं पटापट सांगतो.

प्राण्याचा केस पाणी पितो, फुगतो, लुळा पडतो. तो तेलाच्या वार्निशला ठेवा. इथे नायलॉन-पॉलिएस्टर मिसळलेला घ्या, कारण पॉलिएस्टर ओलं झालं तरी ताठ राहतं. टोकं बारीक, चिरलेली हवीत. चौरंगाला दोन इंची पुरे. ब्रश आधी साध्या पाण्यात बुडवून झटका, म्हणजे पॉलिश पत्र्याच्या पट्टीत सुकून बसत नाही. बुडवायचे ते अर्धेच केस. डबा हलवू नका, फुगे येतात; काठीने सावकाश ढवळा. रेषांच्या दिशेने लांब हात मारा आणि मागे वळून पाहू नका. हा थर पटकन आळतो, पुन्हा ब्रश फिरवलात की रेघ उठलीच. पंखा बंद ठेवा. पहिल्या हातानंतर लाकडाचे तंतू उभे राहतात, ते ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा. स्टील वूल नको, त्याचे कण राहिले तर गंजून काळे ठिपके पडतात. आणि आपल्या पावसाळी हवेत दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलंय त्याहून जास्त वेळ द्या, चतुर्थीच्या तोंडावर हे काम काढूच नका. झाल्याबरोबर ब्रश साबणाच्या पाण्यात धुवा, केस सरळ करून टांगा.

काय? चौरंगाचं पुढे काय झालं? अहो, आहे तसाच आहे. वर लाल वस्त्र घातलं की कुणाला दिसतंय! चला, चहा आला.