पेन ड्राइव्हवरचं संगीत

मंडळी, बाहेरच्या फलकावर 'भूमिगत इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत' असं लिहिलंय. भूमिगत म्हटलं की आपल्या मराठवाड्यात निजामाविरुद्ध लढलेले कार्यकर्ते आठवतात. हे प्रकरण तेवढं जोखमीचं नाही. रेडिओवर लागत नाही, मोठी कंपनी काढत नाही, कॅसेट निघालीच तर थोड्याच प्रती, एवढाच त्याचा अर्थ.

'सर, नवीन काय आलंय?' असं पोरं विचारतात. मी त्यांना 1982 सालात नेतो. मुंबईत हिंदी सिनेमासाठी वाजवणारे चरणजित सिंग म्हणून वादक होते. रोलँड कंपनीची टीआर-808 हे तालाचं आणि टीबी-303 हे बेसचं, म्हणजे खालच्या सुरांचं, अशी यंत्रं घेऊन त्यांनी भैरव, ललत, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बसवले. रेकॉर्ड निघाली, कुणी फारसं विचारलं नाही. ती 303 सुद्धा आपटलीच म्हणा. एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेली. 1984 ला उत्पादन बंद. मग ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागली आणि शिकागोच्या पोरांनी तिच्या खुंट्या नको तितक्या पिळल्या. त्यातून जो चिरकणारा, वळवळणारा आवाज निघाला, त्यावर 1987 साली 'ॲसिड ट्रॅक्स' आलं. त्यालाच पुढं ॲसिड हाउस म्हणायला लागले. 2010 मध्ये चरणजितसिंगांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा, शिकागोच्या पाच वर्षं आधीच तसला आवाज, म्हणून ऐकणारे चक्रावले. काहींना तर ती बनवाबनवीच वाटली.

अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही असंच. 1969 साली तिथं मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य आलं, त्यावर केलेल्या टेपा संग्रहात पडून राहिल्या आणि रेकॉर्ड म्हणून 2023 मध्ये बाहेर आल्या. पन्नास वर्षांची जुनी टेप, आणि नवं रिलीज!

आता खरं सांगायचंय ते सिंगेलीबद्दल. टांझानियात दार-ए-सलामच्या गरीब वस्त्यांतली पोरं साध्या कॉम्प्युटरवर जुन्या गाण्यांचे तुकडे पळवतात. मिनिटाला दोनशेच्या वर ठोके, आणि वरून स्वाहिलीत अखंड तोंडपट्टा. गोंधळात संबळ चढत जातं ना, तसं. फक्त हे पहिल्या ठोक्यापासूनच चढलेलं. ही गाणीही आधी वस्तीतल्या कार्यक्रमांतच वाजायची. 2017 साली युगांडातल्या न्येगे न्येगे टेप्स या छोट्या लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीनं, 'साउंड्स ऑफ सिसो' या नावानं ती एकत्र काढली आणि युरोपातले लोक त्यावर नाचायला लागले.

आपल्याकडं काय वेगळं चाललंय? मोबाइलच्या दुकानात बसून पोरगं हलगीचा तुकडा कापतं, खाली बेस भरतं, दर मिनिटाला स्वतःच्या नावाचा शिक्का मारतं. वरातीत म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड होते ती याचीच. आवाजाच्या पातळीबद्दल माझी तक्रार आहेच, पण ती दुसऱ्या व्याख्यानात. कारागिरी मात्र तीच आहे. फरक एवढाच, की त्यावर ना तारीख, ना गावाचं नाव. पुढच्या लगीनसराईत पेन ड्राइव्ह पुसला की संपलं.

मागं एका वरातीत संबळ उलटं फिरवून केलेला तुकडा ऐकला. असलं काही मी कुठल्याच लेबलावर ऐकलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या पोराला गाठलं, तर म्हणाला, "काका, ते तर डिलीट झालं."

माझ्या मोबाइलवर त्यातले चाळीस सेकंद आहेत. मागं जनरेटर घरघरतोय, नवरदेवाचे मामा ओरडतायत. आधी सिंगेली लावतो, मग ते. खुर्च्या जरा मागं घ्या.