लाल कुठे गेला? जुन्या सनबर्स्ट गिटारचा रंग वाचताना

[दृश्य: दोन लेस पॉल गिटार शेजारी शेजारी. एकीच्या कडा गर्द लाल, दुसरी कडेपर्यंत पिवळसर.]

या दोन्ही गिब्सन कंपनीच्या लेस पॉल स्टँडर्ड इलेक्ट्रिक गिटारी, दोन्ही १९५९च्या. मिशिगन राज्यातल्या कॅलमाझूच्या कारखान्यातून बाहेर पडल्या तेव्हा दोन्हींच्या कडा चेरीसारख्या लाल होत्या. आज एकीवर तो लाल टिकून आहे, दुसरीवर जवळजवळ मागमूस नाही. संग्राहक दुसरीला हनीबर्स्ट म्हणतील, आणखी फिकी असती तर लेमनबर्स्ट. ही नावं नंतर पडली. कारखान्याने दिलेला रंग एकच, चेरी सनबर्स्ट: मध्ये पिवळा, कडेकडे लाल होत जाणारा.

१९५२पासून लेस पॉलचा दर्शनी भाग सोनेरी असायचा आणि त्याखाली लाकूड झाकलं जायचं. १९५८मध्ये सनबर्स्ट आला आणि मधोमध जोडलेल्या दोन मॅपल फळ्यांची नक्षी दिसू लागली. मागच्या महोगनीची छिद्रं लाल भरणीने बुजवायची, पुढच्या मॅपलला पिवळा द्यायचा, मग कडेने लाल फवारायचा आणि वरून पारदर्शक नायट्रोसेल्युलोज लॅकर. आपल्याकडे फर्निचर पॉलिशवाले ज्याला एनसी लॅकर म्हणतात, त्याच जातीचं.

[दृश्य: स्प्रे गन, जवळून. फवारा कडेवर तिरका पडतोय.]

आता हात पाहा. गन लाकडापासून पंधरा ते वीस सेंटिमीटरवर आणि तोंड मधून बाहेरच्या दिशेला कललेलं. त्यामुळे रंगाची उडालेली धूळ गिटारच्या बाहेर पडते. गन सरळ धरली तर तीच धूळ पिवळ्यावर बसते आणि मधला भाग मळकट होतो. ट्रिगर लाकडाच्या बाहेर असतानाच दाबायचा, कारण पहिल्या क्षणी गन थुंकते आणि तो ठिपका पुसता येत नाही. दर फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवायची. रंग थिनरमध्ये पातळ ठेवून तीन-चार हलके हात द्यायचे; एकाच जाड हातात गडदपणा आणायला गेलं की ओघळ आलाच.

साचा नाही, पट्टी नाही. कुठे थांबायचं ते कारागिराच्या डोळ्याने ठरायचं. म्हणून एकाच आठवड्यातल्या दोन गिटारींतही लालचा पट्टा कुठे दोन बोटं रुंद, कुठे चार. कुठे कंबरेच्या वळणावर दाट, कुठे विरळ. शेवटी कडेला बसवलेल्या पांढऱ्या पट्टीवरचा, म्हणजे बाइंडिंगवरचा रंग पात्याने खरवडून काढायचा. पातं घसरलं तर तिथे बारीक लाल रेघ राहते. जुन्या गिटारवर अशी रेघ सापडली की आम्हाला बरंच वाटतं, तो हाताचाच पुरावा असतो.

हे घरी करून पाहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: रंगाच्या हातावर पॉलिश पेपर मारायचा नाही. रंग लॅकरच्या अगदी पातळ थरात असतो. कडेला पेपर लागला की खालचं लाकूड उघडं पडतं आणि तेवढाच डाग जुळवणं जवळपास अशक्य. आधी पारदर्शक लॅकरचे सहा-आठ हात, दोन-तीन आठवडे वाळवण, मगच पाणी पेपर. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे काम काढूच नका. दमट हवेतली वाफ ओल्या लॅकरवर पाणी होऊन बसते आणि पृष्ठभाग दुधाळ होतो. थिनरमध्ये पाच-दहा टक्के रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रावण) घातल्याने थोडा फरक पडतो, पण कोरडा दिवस तो कोरडा दिवस.

[दृश्य: पिकगार्ड, म्हणजे तारांशेजारची संरक्षक पट्टी, काढताना. खाली गडद पट्टा.]

हाताने पडलेला फरक इथवर. त्यानंतरचं काम उजेडाने केलं. त्या काळचा लाल अ‍ॅनिलीन रंग अतिनील किरणांत टिकत नसे, पिवळा मात्र बराचसा टिकला. दुकानाच्या काचेत टांगलेल्या गिटारचा लाल काही वर्षांत उडाला, केसमध्ये बंद राहिलेली लालच राहिली. तपासायचं असेल तर पिकगार्डखाली पाहा, स्विचभोवतीच्या चकतीखाली पाहा. झाकलेल्या जागी लाल गर्द आणि बाजूला फिका असेल तर रंग उन्हाने गेला. दोन्हीकडे सारखाच फिका दिसला तर गिटार पुन्हा रंगवली असण्याची शंका घ्या. १९६०मध्ये गिब्सनने जास्त टिकाऊ लाल आणला. त्या गिटारींचा लाल आजही ठसठशीत आहे, इतका की संग्राहक त्याला ‘टोमॅटो सूप’ म्हणतात.

[दृश्य: स्ट्रॅटोकॅस्टर. पुढची प्लेट काढलेली.]

फेंडर या दुसऱ्या गिटार कंपनीचीही तीच अडचण. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनची स्ट्रॅटोकॅस्टर १९५४मध्ये आली ती दोन रंगांत: मध्ये पिवळा, कडेला गडद तपकिरी. १९५८मध्ये या दोन रंगांच्या मधे लाल आला. पण सुरुवातीचा तो लालही उडाला, आणि १९५८-५९च्या तीन रंगांच्या कित्येक गिटारी आज दोन रंगांच्या दिसतात. त्यामुळे नुसत्या रंगावरून साल सांगू नये.

इथे एक खूण फार उपयोगाची. रंगवताना आणि वाळताना लाकूड टेकायला कारखान्यात छोटे खिळे ठोकत आणि रंग झाल्यावर काढून घेत. त्यांची भोकं प्लेटखाली सापडतात. भोकाच्या आत कोरडं, कोरं लाकूड दिसलं तर रंग मूळचा असण्याची शक्यता चांगली. आत रंग उतरलेला असेल तर खिळा निघाल्यावर कोणीतरी पुन्हा फवारा मारला आहे. सोबत अतिनील दिवाही लावा: जुनं नायट्रो लॅकर त्याखाली हिरवट पिवळं चमकतं, नंतर केलेली डागडुजी गडद ठिगळासारखी वेगळी दिसते.